इरेनाचे दरवाजे

दुपारची शिफ्ट लागली की मोनाली शेवकरीचे हात स्लोव्हाकियाला जायचे. बाकीची मोनाली चाकणच्या हॉलमध्ये खुर्चीवरच असायची, चपला काढून, कारण यंत्र कितीही पुढारलेलं असलं तरी पायाला थंड फरशी लागल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे.

तोरेन मोटर्सने हे दूरहस्त आणले त्याला फार वर्षं झाली नव्हती. हातांत जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा, कानात दुभाषा. इकडे मोनालीने बोट वाकवलं की तिकडच्या कारखान्यात पोलादी बोट वाकायचं. आणि ते पोलादी बोट मोटारीच्या दरवाजावरून फिरलं की पत्र्याचा गारवा, कडेचा खडबडीतपणा इकडे मोनालीला कळायचा. बाकी गाडी यंत्रमानव जुळवत. पण दरवाजा बसवायला, तो नीट बसला की नाही, लावताना तो ‘धप्’ वाजतो की ‘खडाक्’, हे ठरवायला अजून माणूसच लागे. तेवढं तरी देवाने आपल्यासाठी राखून ठेवलं होतं म्हणायचं.

तोरेनचे कारखाने जगभर पसरलेले. मेक्सिको, मोरोक्को, ब्राझील, आणखी कुठे कुठे. त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी एक यंत्रबुद्धी होती. कामगार तिला ‘गुंफण’ म्हणत. कुठली गाडी कुठे बनवायची, कुठे माणूस वाढवायचा, कुठे कमी करायचा, हे गुंफण ठरवायची. साहेब लोक आता “वरून आलंय” एवढंच सांगायला उरले होते.

स्लोव्हाकियाच्या लाईनवर मोनालीच्या पोलादी हातांच्या आधीच्या जागेवर इरेना असायची, खरीखुरी, स्वतःच्या पायांवर उभी. पन्नाशी ओलांडलेली, बोलघेवडी बाई. इरेनाने दरवाजा बसवायचा, मोनालीने तपासायचा. चुकला असेल तर लाल बटण दाबायचं, की दरवाजा मागे. काम एवढंच. पण दोन बायका शेजारी उभ्या आहेत आणि गप्प आहेत, असं कधी झालंय का? सुनांवरून निघालेला विषय लोणच्यापर्यंत जायचा. थंडी पडली तशा इरेनाने त्या पोलादी मनगटांना लोकरीच्या पट्ट्या विणून घातल्या.

“अगं बाई, मला इथे चाकणात घाम फुटलाय,” मोनाली म्हणाली.

“मला वाजते ना थंडी, तुझ्याकडे बघून!”

त्याच हिवाळ्यात इरेनाचे दरवाजे बिघडायला लागले. वरच्या कोपऱ्यात फट राहायची. तिची बोटं आखडत होती. तिने कधी सांगितलं नाही, पण शेजारी काम करणारीला ते कळतंच. पहिल्यांदा फट दिसली तेव्हा मोनालीचं बोट लाल बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं. तिने पाना घेतला, बिजागरी जराशी सैल केली, दरवाजा उचलून पुन्हा बसवला. इरेना तोवर पुढच्या गाडीकडे वळलेली होती.

आपल्याकडे यात नवल ते काय? मोनालीची सासू दवाखान्यात होती तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या नाझनीन इनामदारने महिनाभर स्वतःचं काम करून तिचंही ओढलं होतं. आज तुझं, उद्या माझं. सांभाळून घ्यायचं. चुगली करणारीला चाकणमध्ये कुणी डब्यातली चटणीसुद्धा देत नाही. तर मोनालीने इरेनाला सांभाळून घेतलं, हिवाळाभर.

मग एके दिवशी सुपरवायझर यश कुंभारकर पेढे घेऊन आला.

“मोनालीताई, अभिनंदन! स्लोव्हाकियाचे सगळे दरवाजे आता तुमच्याकडे.”

“माझ्याकडे? आणि इरेना?”

“ती जागा बंद झाली. शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस.”

मोनालीचा पेढा हातातच राहिला. यशने पडदा तिच्याकडे फिरवला. “हे बघा ताई, गुंफणला माणूस दिसत नाही, काम दिसतं. पाना फिरतोय तुमच्या जागेवर, दरवाजा उचलला जातोय तुमच्या जागेवर. लाल खूण एकही नाही. म्हणजे दरवाजा बसवताय तुम्हीच. मग आधीची जागा कशाला ठेवायची?”

“अरे, तिची बोटं दुखतात म्हणून मी...”

“मग लाल का नाही दाबलंत?” यशला खरंच कळत नव्हतं. “एखाद्याच्या लाल खुणा वाढल्या की गुंफण त्याला डॉक्टरकडे पाठवते, जोडीला मदतनीस हात देते. नियमच आहे तसा. जागा जात नाही.”

“हे आम्हाला कधी सांगितलंत?”

यशने पडदा परत स्वतःकडे फिरवला. चूक माझी आहे असं वर कळव, म्हणून मोनालीने त्याच्यापुढे हात जोडले. त्यानेही कळवलं. उत्तर लगेच आलं: काम व्यवस्थित झाले आहे, बदलाची गरज नाही.

शुक्रवारी इरेना नेहमीसारखीच बोलत होती. “नशीब बघ माझं. बोटं बरी झाली आणि काम गेलं.”

“बरी झाली?”

“हो तर! मध्यंतरी दरवाजे बसेनात. मी मदतनीस मागणारच होते. पण तुझ्याकडून एकही लाल येईना. म्हटलं, चला, गोळ्या लागू पडल्या. मग डॉक्टरकडे गेलेच नाही.”

गप्प बसता आलं असतं. पण मोनालीला ते झेपलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता इरेना स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“एकदा विचारायचंस तरी गं,” एवढंच ती म्हणाली. मग हातरुमाल नाकाला लावून लाईनवरून निघून गेली. पोलादी हातांना पाय नसतात, नाहीतर मोनाली तिच्यामागे धावली असती.

त्या रात्री नाझनीनने समजूत घातली, “तू काय मुद्दाम केलंस का? करायला गेलीस एक, झालं भलतंच.” पण एका बाईचं काम आपल्या चांगुलपणाने खाल्लं, हे मोनालीच्या मनातून जाईना.

उन्हाळ्यात गुंफणने मोनालीला स्लोव्हाकियावरून हलवलं; तिला आणि नाझनीनला मोरोक्कोच्या लाईनवर एकामागे एक जागा मिळाल्या. नाझनीनने दरवाजाचं रबर बसवायचं, मोनालीने तपासायचं. काही दिवसांत खालच्या कडेला रबर सुटं राहायला लागलं.

“नाझनीन, तुला नीट दिसतंय ना?” या वेळी मोनालीने विचारलं.

“धूसर दिसतंय गं जरा. ईद होऊ दे, मग दाखवते डॉक्टरला. तोवर घे ना बघून.”

“मी लाल दाबते. तुला मदतनीस मिळेल. इरेनाचं झालं ते तुझं नको व्हायला.”

“वेडी की काय! तुझं महिनाभर ओढलं तेव्हा मी दाबलं होतं लाल?”

मोनालीचे डोळे भरून आले. तरी तिने बटण दाबलं. नाझनीनने चष्मा काढला, मोजे उतरवून मांडीवर ठेवले.

यश धावतच आला. “नाझनीनताईंवर लाल कुणी दिलं?”

“मीच. आता तिला मदतनीस हात येईल ना? तूच म्हणालास, नियम आहे.”

यशचा चेहरा उतरला. “ताई, तो नियम स्लोव्हाकियाचा. तिथल्या युनियनने भांडून मिळवलेला.”

“आणि इथे चाकणात? इथल्या माणसावर लाल पडलं की काय करते गुंफण?”

“खरं सांगू? मला माहीत नाही. इथल्या माणसावर आजवर कुणी लाल दाबलेलंच नाही.”

तिघंही पडद्याकडे बघायला लागले. नाझनीनचं नाव तिथे लुकलुकत होतं, पुढची जागा अजून कोरी होती. नाझनीनला ती अक्षरं दिसत नव्हती. तिने मोनालीचा हात घट्ट धरला.

“आलं का गं उत्तर? काय लिहिलंय?”