पवनेवरचं धुकं

तुम्हाला रेखीव, स्वच्छ फोटो आवडत असतील. मला नाही आवडायचे. कंपनीत दिवसभर लेथवर केसाएवढा फरक चालायचा नाही. म्हणून सुट्टीच्या पहाटे कॅमेऱ्याच्या भिंगावर नायलॉनचा मोजा ताणून मी पवनेकाठी उभा राहायचो. धुक्यात काठ विरघळायचा, बाभळींच्या नुसत्या सावल्या उरायच्या. त्या मऊपणात जीव निवायचा.

एकाहत्तरच्या पौषात काढलेल्या अशाच एका फोटोला कंपनीच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. कँटीनच्या भिंतीवर तो लागला. सगळे वाहवा करत होते. तांदूळ निवडायला येणारी पुनावळ्याची सोजराबाई मात्र त्याच्यासमोर गप्प उभी होती. तिचा किसन आमच्याच कंपनीत हेल्पर होता. पहिल्या शिफ्टला येताना, उतारातून पवना ओलांडताना बुडाला. प्रेतसुद्धा मिळालं नव्हतं. एवढं मला ठाऊक होतं. दिवस ठाऊक नव्हता.

तिनं धुक्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझा किसन."

मला तिथं काहीच दिसेना. "मावशी, नुसतं धुकं आहे ते..."

"कंच्या दिशी काढला?"

मी तारीख सांगितली. ती कितीतरी वेळ मान हलवत राहिली.

"त्याच दिशी गेला त्यो. बाबा, तुमी काय ऐकलं का तवा?"

"नाही," मी म्हणालो.

हाक आली होती. शटर उघडं होतं, मी दहापर्यंत आकडे मोजत होतो. सातला हाक आली... आठला पुन्हा. हललो असतो तर फोटो बिघडला असता. दहा मोजून मान वर केली, तेव्हा पाणी गप्प झालं होतं.

त्यानंतर अन्न गोड लागेना. शेवटी एका रविवारी, भर दुपारी, कँटीनमधून उतरवलेली फोटोची फ्रेम काखेत मारून पुनावळं गाठलं. वाटभर शेवाळाचा वास येत राहिला. सोजराबाईच्या खोलीत चुलीचा धूर कोंडला होता. मी फ्रेम तिच्यापुढे ठेवली.

"मावशी, हाक ऐकली होती मी... गेलो नाही."

फोटो उजेडाकडं धरून तिनं निरखून पाहिला.

"आता ह्यात न्हाई त्यो."

"मग...?"

तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. आवाज एकदम मऊ झाला.

"ये रं, आत ये. दार लावून घे."

माझ्या पाठीमागं दार लागलं. आणि आतून कडी बसली.