बघून सांगतो

त्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं. 'घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय. तुझ्या मनात काही असेल तर आता सांग. नसेल तरीही सांग. वाट बघते.'

त्याच्या मनात होतं, काठोकाठ होतं. पण तो पडला मेकॅनिक, आणि त्यातही भिडस्त. गाडी कुठलीही येवो, गिऱ्हाइकाला त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं – "बघून सांगतो." पुरती खात्री झाल्याशिवाय तो बिघाड सांगत नसे. तिच्या पत्रालाही त्यानं तोच नियम लावला. आपण तिला शोभू का, सुखात ठेवू का, हे तपासत बसला. तपासणी संपायच्या आत तिचं लग्न होऊन गेलं.

पुढे गॅरेज नव्या जागी आलं. तिथे एका ढगाळ सकाळी, गल्लीच्या तोंडापासूनच कानठळ्या बसवत, सात सीटांची एक मोठी गाडी आत शिरली.

"मास्तर, रणगाडा आलाय," दादा म्हणाला. गॅरेज दोघा भावांचं. धाकटा जेवतानासुद्धा पुस्तकातून डोकं काढत नाही, म्हणून दादा त्याला मास्तर म्हणे.

दार उघडून ती उतरली. केस आखूड केले होते. हसू मात्र तेच, एका गालावर सुरू होऊन दुसऱ्यापर्यंत न पोचणारं. त्याला पाहिलं आणि तेही अर्ध्यात राहिलं.

"काय त्रास आहे... मॅडम?"

"मॅडम म्हणालास तर गाडी दुसरीकडे नेईन."

"न्या. कुठे नेली ते गावभर ऐकू येईल."

आता ती खरंच हसली. "सायलेन्सर नवा घातला रे, तरी आवाज तसाच. मुलगी कानात बोटं घालून बसते. सासूबाई म्हणतात, तू वळणावर आलीस की मी चहा ठेवते."

"आवाज मागून येतो म्हणून बिघाड मागेच असतो असं नाही."

"मग कुठे आहे?"

"बघून–"

"सांगतो," तिनं वाक्य पुरं केलं. या वेळी ती हसली नाही.

इंजिन निवेपर्यंत दोघंही गाडीकडेच बघत राहिली. मग त्यानं समजावलं. मागच्या नळीच्या तोंडावर फडकं दाबून धरायचं. धुराची वाट अडली की जिथे फट असेल तिथून तो फुसफुसतो. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं पुढे कान लावायचा.

"मी दाबते."

त्यानं आपले हातमोजे तिला दिले. तिची बोटं त्यात हरवली. मनगटापाशी मोजा सरळ करायला त्याचा हात पुढे झाला... आणि मागे आला.

"हे मला फारच मोठे होतात."

"इथे कोण मापं बघतं."

"तू बघतोस. तू सगळंच बघतोस. सांगत तेवढं नाहीस."

त्यानं इंजिन सुरू केलं. पत्र्याचं छप्पर थरथरलं. मागून ती काहीतरी ओरडली.

"काय?"

"माझं पत्र... मिळालं होतं का?"

आणि तिनं वाकून फडकं दाबलं. इंजिन गुदमरलं, आवाज एकदम बसला, आणि त्याचं "मिळालं होतं" तेवढं गॅरेजभर घुमलं. शेजारच्या गाडीखालून दादा बाहेर आला. कुणाकडेही न बघता "चहा सांगून येतो" म्हणाला आणि गेला.

पुढे इंजिनापाशी फुस्... फुस्... ऐकू येत होतं. त्यानं टॉर्च मारला. पहिल्या पाइपच्या जोडावरचं पॅकिंग जळालं होतं, एक बोल्ट गळून गेला होता आणि खाली काजळीचा लांब ओघळ होता. बऱ्याच दिवसांचा असावा.

त्यानं इंजिन बंद केलं. "सापडलं."

"आता दुसरंही सांग." ती मोजे न काढता तशीच उभी होती. "तोंडी नको. तोंडी तू अडखळशील, आणि त्या अडखळण्यातून मला हवं ते मी ऐकेन. इतकी वर्षं तेच करतेय. ह्यांना मी सगळं सांगितलंय. चांगले आहेत रे ते. जेवताना मी मध्येच गप्प झाले की काही विचारत नाहीत, पाण्याचा पेला पुढे सरकवतात. मला त्यांच्यासमोर नीट बसायचंय. लिहून पाठव. एका शब्दात."

"आणि 'हो' असलं तर?"

"तर ते मी ठेवू कुठे, तेही लिही."

तो जॅक लावून गाडीखाली शिरला. नवं पॅकिंग, नवा बोल्ट. काम लवकर झालं. त्याला वाटलं, जरा जास्तच लवकर.

तिनं चावी फिरवली. "बंद पडली का?"

"चालू आहे."

स्टिअरिंगवर हात ठेवून ती ऐकत राहिली. मग तिनं पत्ता सांगितला, एकदाच. गाडी गेली तेव्हा गल्लीतल्या कुणीही मान वर केली नाही.

दुपारी त्यानं साबणानं हात घासून घासून धुतले आणि लिहायला बसला. पाकीट घेतलं नाही, साधी पोस्टकार्डं घेतली. तिच्या घरात कुणीही वाचावीत अशी. पहिल्या कार्डावर 'नाही'तला 'ना' थरथरला. तिला ते ऐकू आलं असतं. त्यानं ते फाडलं. दुसऱ्यावर पेन मध्येच थांबून शाईचा ठिपका पडला. तेही फाडलं.

"काय रे एवढं लिहितोयस?" दादानं विचारलं.

"एकच शब्द."

"मग इतकी कार्डं?"

"अक्षर जमत नाहीये."

दादानं फाटलेले तुकडे पाहिले. "जाऊ दे की मग," तो हळूच म्हणाला. "तिला काय अक्षराचं."

"तिलाच आहे."

शेवटी त्यानं पावती लिहितात तसं लिहिलं, सरळ, न थांबता, जसं दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत तो चालत गेला. कार्ड अर्धं आत गेल्यावर त्याचा हात अडला. ते खोटं होतं, आणि इतकं सुबक अक्षर त्यानं आजवर काढलं नव्हतं.

त्यानं बोटं सोडली.