समोर लाईट हाय

“आगं, एकट्या पाटीतली वांगी कुणी बघत न्हाय. शेजारी दुसरी पाटी पायजे, तवा गिऱ्हाईक थांबतंय.”

प्रेमाआत्याचा हा आवाज शिवकन्येच्या कानात लहानपणापासून बसलेला. आत्या नळदुर्गच्या बाजारात वांगी विकायची, आणि तिच्या मांडीला मांडी लावून कडूबाईही वांगीच विकायची. दिवसभर दोघी एकमेकींच्या मालाला किडका म्हणायच्या, आणि एक जरा कुठं उठली की दुसरी तिची पाटी अशी काही सांभाळायची, की आधी तिची वांगी खपायची, मग स्वतःची. ही तुझी वैरीण का मैत्रीण, असं शिवकन्येनं एकदा विचारलं होतं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि हलक्या आवाजात ओवी म्हटली —

समोरच्या गं दारात, दिवा कुणी उजळीला
माझ्या उंबऱ्याचा दगड, कसा सोन्याचा दिसला

आत्या गेली. ओवी राहिली, आणि प्रश्नही तसाच राहिला. पुढं कित्येक वर्षांनी तो प्रश्न शिवकन्येच्या दारात शिडी मागायला आला.

बसस्टँडच्या रस्त्यावर शिवकन्येचं प्लेस्टेशनचं दुकान होतं. पोरं तासावर पैसे देऊन टीव्हीवर गेम खेळायची. श्रावणातली भुरभुर चालू होती, आणि केसांवर थेंब घेऊन एक उंच, सावळा तरुण उंबऱ्याबाहेरच थांबला. बोर्ड लावायचाय, जरा शिडी मिळेल का, म्हणाला. नाव रणधीर, गाव ढोकी. तिनं शिडी दिली. मग बघते तर काय — समोरच्याच गाळ्यावर, तिच्याच शिडीवर चढून, तो हिरव्या अक्षरांतला ‘एक्सबॉक्स’ असा बोर्ड ठोकत होता. म्हणजे गेमचंच दुकान, फक्त मशीन दुसऱ्या कंपनीचं.

शिडी परत द्यायला आला तेव्हा तिनं विचारलं, “बोर्ड कसला हाय ते आधी सांगायचं नव्हतं का?”

“सांगितलं असतं तर शिडी दिली असती का तुम्ही?”

तिनं शिडी ओढून घेतली, आणि तो हसला. आधी त्याचे डोळे हसायचे, ओठ मागाहून. हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं, आणि दिसायला नको होतं.

गावानं लगेच दोघांची लढाई लावून दिली. कुणाचं मशीन भारी, कोण कुणाचं दुकान बसवणार, यावर चहाच्या टपरीवर पैजा लागल्या. पण शिवकन्या बघायची आणि गोंधळायची. मुनवरचंच घ्या. तो हायवेवर ट्रक चालवायचा. दिवसभर स्टेअरिंग धरून आला की रणधीरकडं पुन्हा स्टेअरिंगच धरून बसायचा, कारण त्याच्या आवडीच्या गाड्या एक्सबॉक्सवरच होत्या. हात भरून आले की रस्ता ओलांडून तिच्याकडं तलवारी खेळायला यायचा, कारण त्या तलवारी प्लेस्टेशनवरच होत्या. फुटबॉल दोन्हीकडं, तो जिथं खुर्ची रिकामी असेल तिथं. लांब देशात त्या दोन कंपन्या एकमेकींच्या झिंज्या उपटत असतील, नसतीलही. पण या रस्त्यावर रणधीर आल्यापासून तिचंही गिऱ्हाईक वाढलं होतं. मग हा वैरी कसला? आणि वैरी नाही, तर कोण?

“तुम्ही माझं गिऱ्हाईक पळवता,” टपरीवर ती त्याला म्हणाली. रागानं म्हणायचं ठरवून आली होती. पण राग कपातल्या वाफेसारखा निघून गेला.

“पळवतो व्हय? मग संध्याकाळी तुमच्याकडं कोण बसलेलं असतंय?”

“तुमची माणसं.”

“बघा की,” तो बशीत चहा ओतत म्हणाला, “तुमचं माझ्याकडं, माझं तुमच्याकडं. आता ह्यात चोर कुणाला धरायचा?”

तिनं पदर नसलेल्या खांद्यावर उगीच हात नेला. ओढणी सारखी केली. चहा संपला तरी कप हातातच राहिला…

आणि मग ती लाईट.

रस्त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या फेजवर होत्या. एकीकडची गेली तरी दुसरीकडची असायची. पहिल्यांदा रणधीरची गेली, तेव्हा त्यानं शटर ओढलं आणि पोरांना ओरडून सांगितलं, “समोर जावा रं, समोर लाईट हाय.” शिवकन्येच्या खुर्च्या भरून गेल्या. पुढं एकदा तिची गेली; तिनंही फेड केल्यासारखं सगळ्यांना त्याच्याकडं पाठवलं. इथवर ठीक होतं.

पण एका दुपारी तिच्याकडं गर्दी होती आणि समोर तो एकटाच पायरीवर बसून पावसाकडं बघत होता. तिचं हिशेबातलं लक्ष उडालं. ती पडद्यामागं गेली आणि मेन स्विच खाली ओढला. मुनवर अगदी जिंकायला आलेला; त्यानं कपाळावर हात मारला. “लाईट गेली,” ती म्हणाली, “समोर जावा.” आणि अंधारात उभं राहून समोरची पायरी भरताना बघत राहिली.

मग हे वरचेवर होऊ लागलं. शेजारी बियाण्याचं दुकान. त्यांना दिवसा दिवाच लागत नसे, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. शिवकन्येच्या बाजूचा फेज लई खराब, एवढंच गाव म्हणायचं. मशीनला जरा विसावा, असं ती स्वतःला सांगायची. स्वतःलाही ते पटायचं नाही. आपणच आपलं दुकान अंधारात घालतो, ही कुठली रीत? तिचं तिलाच कळत नव्हतं.

एक दिवस समोरच्या गाळ्याचे मालक गुरुसिद्धप्पा छत्री झटकत आत आले. रणधीर गाळा सोडून ढोकीला परत निघालाय, गाळा शिवकन्येलाच द्या असं तोच म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. उद्या सकाळी व्हय का न्हाय ते कळव. ये, आत्ता बघून घे, म्हणाले.

सगळ्या गावचं गिऱ्हाईक आता तिचंच होणार होतं. आनंद व्हायला हवा होता. पण ती गल्ला तसाच उघडा टाकून त्यांच्यामागं रस्ता ओलांडून गेली.

रणधीर मशीन भरायला खोकी आणायला गेला होता. गुरुसिद्धप्पा गळकं छप्पर दाखवत होते, ती हो हो करत होती. आणि काउंटरखाली, जुन्या टॉवेलाआडून, एक हिरवा ठिपका तिच्याकडं बघत होता. तिनं टॉवेल उचलला. इन्व्हर्टर. जोडलेला, चालू, बॅटरी भरलेली.

मग हा लाईट गेल्यावर शटर का ओढायचा?

रणधीर खोकं घेऊन दारात आला तेव्हा ती टॉवेल हातात धरून उभी होती. गुरुसिद्धप्पांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि, आपलं चहाचं राहिलंच की, असं पुटपुटत ते बाहेर पडले.

“हा चालतोय?”

“…व्हय.”

“पहिल्यापासनं?”

त्यानं मान खाली घातली. “पहिल्या खेपेनंतर घेतला. पण तवर तुमच्याकडची लाईट सारखी जायला लागली. धंदा मोडतो तुमचा. वाटलं, माझी गेल्यावर तरी तुमच्याकडं खुर्च्या भराव्या… म्हणून लावला न्हाय.”

“आन् गाळा?”

“ह्या बाजूचा फेज चांगला हाय. तुम्ही इकडं या. इन्व्हर्टरबी ठेवूनच जातो.” तो खोक्याच्या कडा उगीच दाबत राहिला. “तुम्ही अंधारात बसायचं आन् मी समोर लखलख उजेडात… बघवत न्हाय मला.”

शिवकन्येला हसू आलं, पण टिकलं नाही. तिच्या खोट्या अंधारापायी खरा माणूस गाव सोडून चालला होता. बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं. रस्त्यापलीकडं तिचं दुकान लख्ख उजळलेलं, आतली पोरं फुटबॉलला ओरडत होती. इथून ते किती वेगळं दिसत होतं. आत्यानं तेव्हा उत्तराऐवजी ती ओवी का म्हटली, ते आत्ता, या उंबऱ्यावर, थोडंसं उमगलं.

“खोकं खाली ठेव,” ती म्हणाली.

त्यानं ठेवलं.

“माझी लाईट जात न्हाय, रणधीर. पडद्यामागं मेन स्विच हाय. मीच पाडते.”

त्यानं रस्त्यापलीकडं तिच्या दुकानाकडं पाहिलं. “तुम्ही…? कशापायी?”

तिनं टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग वर बघितलं.

“तुझं दुकान रिकामं दिसलं की माझ्या दुकानात मन लागत न्हाय, म्हणून. समोर तू नसशील तर कितीबी उजेड असू दे… मला काय दिसत न्हाय.”