विझल्या चुलीचा धूर

धूरपट्टी म्हणजे धुरावरचा कर. पट्टी हा शब्द घरपट्टीत आणि पाणीपट्टीत आपण आजही वापरतो. पण ज्या परकीय राज्यात ही पट्टी बसली, तिथे घरांची मोजदाद होत नव्हती, माणसांचीही नाही. हिशेबात धरली जात ती धुरांडी. ज्या धुरांड्यातून धूर निघेल, त्या घराने कर भरावा. ‘कर नको असेल तर चूल पेटवू नका,’ असे वसुलीच्या साहेबाने एका गावाच्या भर चौकात सांगितले, तेव्हा आपण मोठा विनोद केला असे त्याला वाटले होते. गावाने तो विनोद शब्दशः घेतला. ऐन थंडीच्या तोंडावर गावातली एकूण एक चूल विझली.

सर्वांत आधी विझली ती कुंभारणीची भट्टी. वास्तविक भट्टी हेच तिचे पोट. तरीही सगळ्या आळीला साक्षी ठेवून तिने घागरभर पाणी निखाऱ्यांवर ओतले आणि पदराने हात पुसत म्हणाली, “घ्या. आता साहेबाला म्हणावं, माझ्या राखेवर पट्टी बसव.” लोक हसले. महिन्याभरात ती गारठून मेली. तिच्या उशाशी सरपण रचलेले होते आणि त्यातली एक काडीही हललेली नव्हती. घर बेवारस ठरवून सरकारने त्याला कुलूप घातले.

कुलपाची किल्ली टेहळ्याकडे आली. हा टेहळ्या कुंभारणीचा धाकटा भाऊ. मनोऱ्यावर उभे राहून कुठून धूर निघतो ते पाहायचे आणि दिसला की घंटा वाजवायची, ही त्याची चाकरी. नियम असा होता, की एका घरातून जरी धूर निघाला, तरी त्या सबंध आळीने कर मान्य केला असे धरावे. चाकरी पत्करल्यापासून बहीण त्याच्याशी बोलत नव्हती. गाव बोलत असे, पण कसे, तर “काय धूरखाऊ, हल्ली उपासच दिसतो तुमचा!” तो मान खाली घालून पुढे जाई.

एके दिवशी दुपारी तो लेकीकडे निघाला. ती बाळंतीण होती, कुंभारणीच्या शेजारच्याच घरात राहत होती आणि कर नाकारल्याबद्दल तिचा नवरा तुरुंगात होता. टेहळ्याने घोंगडीखाली शेगडी लपवून आणली होती. मनोऱ्यावरच्या खोलीत विस्तव ठेवायला सरकारी माफी होती. तिथलेच निखारे त्याने उचलले होते.

लेकीने घोंगडी उचलून पाहिली आणि पुन्हा झाकली.

“परत न्या, बाबा.”

“अगं, निखाऱ्यांना धूर नसतो. बाहेर कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“मला कळेल ना.”

“पोरीचे ओठ बघ. निळे पडलेत.”

“दिसतायत मला. दिवसभर तेच तर बघत बसलेय.” तिने शेगडी त्याच्याकडे सरकवली. “आत्या माझ्यादेखत गेली, बाबा. हाताशी सरपण होतं तिच्या. मी आता सरकारी उबेला बसू?”

“मग मनोऱ्यावर चल. रात्रीपुरती.”

“तो कोणाचा आहे?”

त्याने बाळाच्या तळव्याला बोट लावले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले, इतका तो तळवा थंड होता. ही मुलगी रात्र काढणार नाही, हे त्याला कळून चुकले. लेकीलाही कळले होते.

दिवेलागणीला तो मनोऱ्यावर चढला. खाली गाव काळवंडत चालले होते. धुरांडी ओळीने मुकी उभी होती, आणि त्यांच्याकडे पाहताना त्याला आयुष्यात प्रथमच आपल्या गावाचा अभिमान वाटला. एवढी माणसे, एवढी थंडी, आणि आभाळात एक रेघ नाही!

तेवढ्यात रेघ उमटली.

पांढरी, जड, दमट. लाकडाचा धूर असा नसतो. टेहळ्या कुंभाराच्या घरात वाढला होता. भट्टी प्रथम तापते तेव्हा कच्च्या मडक्यांमधले पाणी जे बाहेर पडते, ते असे दिसते. आणि ती रेघ त्याच्या बहिणीच्या कुलूपबंद घरातून निघत होती.

घंटेच्या दोरीकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. कंदील घेतला, किल्ली घेतली आणि तो खाली उतरला.

कुलूप शाबूत होते. दार उघडताच ओल्या मातीचा वास अंगावर आला. अंधारात कुठेतरी घरघर चालली होती... मंद, अखंड, चाक फिरताना होते तशी. त्याने कंदील उंच धरला.

“अक्का...?”

घरघर थांबली. कोपऱ्यातले चाक स्थिर होते. चुलीपाशी बसून त्याने राखेत हात घातला. राख नदीतल्या वाळूसारखी गार. भट्टीही गार. सरपण जसेच्या तसे. आणि तरीही खोली उबदार होती. भिंतीला तळहात लावला तर भिंत गरम. माणसाच्या पाठीसारखी गरम. त्या उबेत आतबाहेर काहीतरी हलत होते... श्वासासारखे. त्याच्या अंगावर काटा आला. पण तो पळाला नाही. पळाला तो शेजारी, लेकीला आणायला.

ती उंबऱ्यातच थबकली. “आग कुठे आहे?”

“नाहीये. तूच बघ.”

तिने पाहिले. चुलीत, भट्टीत, कोनाड्यांत; कोपरापर्यंत हात घालून राख चाळली. मग भिंतीला टेकून बसली आणि बाळाला पदराखाली घेतले. बऱ्याच वेळाने अंधारातून चुटचुट आवाज येऊ लागला. मूल दूध ओढत होते. टेहळ्या तोंडावर उपरणे दाबून रडला. त्याच्या मागे चाक पुन्हा फिरू लागले होते. या खेपेस त्याने वळून पाहिले नाही.

धूर साहेबालाही बंगल्यावरून दिसला होता. सकाळी तो शिपायांसह आला. आळी दाराबाहेर गोळा झाली.

“तू धूर पाहिला?” त्याने टेहळ्याला विचारले.

“पाहिला, साहेब.”

“घंटा का नाही?”

“धूर दिसला, पण आग नव्हती. ‘चूल पेटवू नका’ हा तुमचाच शब्द ना? चूल विझलेली आहे.”

“आणि ही बाई? ही गरम कशी?”

लेक भिंतीपासून हलली नाही. “शोधा की, साहेब. एक निखारा सापडला तर सगळ्या आळीची पट्टी घेऊन जा. आम्ही ब्र काढणार नाही.”

बाहेर कोणीतरी “अगं!” म्हणाले. तिने सबंध आळी पणाला लावली आहे, हे सर्वांना समजले होते.

शिपायांनी घर उलथेपालथे केले. अखेर साहेब स्वतः चुलीपुढे गुडघ्यांवर बसला. राखेखाली दडलेला विस्तव शोधायचा तर फुंकर मारावी लागते, एवढे त्याला ठाऊक होते. त्याने खोल श्वास घेऊन फुंकर घातली. राख उसळली, एकही ठिणगी चमकली नाही. दुसऱ्या फुंकरीसाठी त्याने छाती भरून श्वास घेतला आणि उसळलेली राख नाकातोंडात गेली. तो खोकत राहिला. चाक फिरू लागले. ते सगळ्यांनी ऐकले, साहेबानेही. तो उठला आणि कोणाकडेही न पाहता बाहेर पडला.

टेहळ्याने किल्ली शिपायाच्या हातावर ठेवली आणि मनोऱ्याची वाट कायमची सोडली. आळीतली एक पोक्त बाई बाजूला सरून म्हणाली, “या काका, बसा असे.” चाकरी पत्करल्यापासून त्याला कोणी बसा म्हटले नव्हते.

त्या दाराला पुन्हा कुलूप घालायला कोणी शिपाई धजला नाही. थंडी सरेपर्यंत गावात चूल पेटली नाही. जिथे मूल, जिथे म्हातारे, तिथली माणसे कुंभारणीच्या भिंतीला येऊन बसत. पुढे पट्टी उठली आणि पुढे राज्यही उठले. स्वातंत्र्याच्या गोष्टीत लोक तोफा शोधतात. एका गावाने गारठून जिंकलेली ही लढाई मला त्याहून मोठी वाटते.

मात्र ही गोष्ट आज ज्या रीतीने सांगतात, त्यात एक चूक आहे. सांगतात, की कुंभारणीच्या भुताने चूल पेटवली आणि साहेबाचा हात भाजला. तिने चूल पेटवली नाही. शपथ तिने मेल्यावरही मोडली नाही. साहेबाचा हातही भाजला नाही. त्याला काहीच झाले नाही, असेच शिपायांना वाटले. पण तो गाव सोडून गेला त्या दिवशी टेहळ्या रस्त्याच्या कडेला उभा होता. उन्हाळ्याची भर दुपार होती, वारा पडलेला होता. साहेबाच्या हातात विडी नव्हती, चिरूट नव्हता. त्याने तोंडावर रुमाल घट्ट दाबून धरला होता, आणि गाडी पुढून गेली तेव्हा त्या रुमालाच्या कडेकडेने पांढरा, जड, दमट धूर संथपणे बाहेर पडत होता. श्वासागणिक.