चिनाबाबाची घागर

आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी इंद्रभान मास्तर कुंभाराकडून नवी घागर आणायला निघाला, तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती. त्याची पहिली कादंबरी नुकतीच खामगावहून छापून आली होती. चाळिशीला टेकलेला, लग्न न जमलेला, पिंपळगाव राजाच्या शाळेत पाढे घोकवून घेणारा हा माणूस कादंबरी लिहितो, आणि तीही चीनवर, म्हटल्यावर गावाने आधी तोंडात बोटं घातली आणि मग पोटभर हसून घेतलं. मास्तर कधी अकोल्याच्या पुढे गेला नव्हता.

हसणाऱ्यांनाही कारण मात्र ठाऊक होतं. इंद्रभानचा बाप चिनी होता. रेशमी कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन हिंडणारा तो फेरीवाला कधीतरी पिंपळगावात तापाने आडवा पडला. रुख्मिणी नावाच्या तरण्या विधवेने त्याला पेज पाजली, आणि पुढे दोघांचा पाट लागला. गाव त्याला चिनाबाबा म्हणे. पोर रांगायला लागलं आणि चिनाबाबा पटकीने गेला. मागे राहिले पोराचे बारीक डोळे आणि शाळेतली चिडवाचिडवी. बासष्टच्या चीनशी झालेल्या लढाईनंतर तर पारावरची माणसंही त्याला बघून गप्प होऊ लागली. त्या एकटेपणात त्याला एकच गोष्ट हवीहवीशी झाली, ती म्हणजे बापाचं खरं नाव.

ते फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं, आणि आई बोलत नव्हती.

"मा, एकडाव तं सांग."

"नवऱ्याचं नाव घेत असतेत का रे कोणी?"

"आता तं ते राह्यले नाहीत."

"मेले म्हून काय नवरा नाही राह्यले?" म्हातारी विषय तिथेच तोडायची.

शेवटी इंद्रभानने कादंबरीत आपल्या मनानेच बापाला नाव दिलं, ली वेन. नदीकाठचं एक गाव दिलं. प्रसंग रंगावा म्हणून डावखुरेपणाही दिला. कादंबरीतला मुलगा मूळ शोधत चीनला जातो, त्या गावातलं एक दार ठोठावतो आणि म्हातारे चुलते त्याच्या गळ्यात पडतात. ते पान लिहिताना इंद्रभान एकटाच ढसाढसा रडला होता.

दुपार झाली. उन्हाने गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आखजीला घरातल्या मेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला पितर म्हणून जेवू घालतात. या घरी तो मान शेजारच्या किसनरावांचा. ते येऊन पाटावर बसले. पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं वाढून झालं. आता घागरीत पाणी ओतायचं आणि पितराला हाक मारायची. दरसाल "चिनाबाबा, या" म्हटलं की भागायचं. यंदा इंद्रभान जरा ताठ बसला. त्याच्या बापाला आता नाव होतं.

"ली वेन, जेवायला या," तो म्हणाला.

चुलीपुढे रुख्मिणीबाईंचा हात थांबला. "कोणाले बोलावलं रे तू?"

त्याने उत्तर द्यायच्या आत किसनरावांनी पहिला घास उचलला होता. डाव्या हाताने.

किसनराव जुन्या वळणाचे. डाव्या हाताने ते कुणाकडून पाणीसुद्धा घेत नसत. कादंबरी त्यांनी वाचली असेल म्हणावं, तर त्यांना अक्षरओळख नव्हती. पुरणाच्या वासाखालून हळूहळू दुसराच एक वास वर येत होता, ओल्या गाळाचा, भरल्या नदीचा. गावची नदी तर होळीआधीच आटली होती.

"किसनकाका..."

समोरच्या माणसाने मान वर केली नाही.

"इंद्रा," म्हातारी कुजबुजली, "हा तुया बाप नोहे. ते उजव्या हातानं जेवत..."

तेवढ्यात बाहेर ओसरीवर कुणीतरी खोकलं. घसा कोरडा पडलेल्या, लांबून चालत आलेल्या माणसाचा खोकला. रुख्मिणीबाई भिंतीला धरून उठल्या. तो खोकला त्या विसरल्या नव्हत्या.

"ते आले हायेत... दरसाल येतेत. यंदा त्याइच्या पाटावर तू दुसराच बसवला."

"मग बोलाव ना त्याइले."

"चिनाबाबा म्हून आता नाही येणार ते. घरात नावानं बोलावलेला बसला हाय... त्याइलेही नावानंच बोलवा लागन."

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उंबऱ्याशी गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी हलक्या आवाजात, नवऱ्याचं नाव घेतलं. इंद्रभानने ते ऐकलं. इतकं लहान, इतकं साधं नाव. त्याचे डोळे भरून आले. ओसरीवरचा खोकला थांबला आणि घागरीतलं पाणी, कुणी हात न लावता, खाली खाली जाऊ लागलं.

पाटावरच्या माणसाने घास ताटात ठेवला.

"मग मी कुठे जाऊ?" आवाज किसनरावांचा नव्हता, आणि बोली वऱ्हाडी नव्हती. ती स्वच्छ पुस्तकी मराठी होती. "माझं गाव तू लिहिलंस. मी तिथे जाऊन पाहिलं... तिथे काहीच नाही."

किसनराव एका अंगावर कलंडले. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे चोळत उठले आणि म्हणाले, "वाढा ना, मी तं अजून जेवलोच नाही."

दिवेलागणीला रुख्मिणीबाईंनी तीन ताटं घेतली.

"मा, हे बापाचं का?"

"ते जेवून गेले."

"मग..."

"तूच तं आणलं त्याले." त्या तिसऱ्या ताटात वाढत राहिल्या. "त्याले ना गाव, ना माय. कुठी जाईन तो?"

इंद्रभानने पुढे काही लिहिलं नाही. त्या घरात मायलेक दोघंच राहतात असं गावाला वाटे. म्हातारी मात्र रोज तिघांच्या भाकरी थापायची, आणि सकाळी टोपलीत एकही उरलेली नसे.