बारा वाजताचं दूध

सुमेध सात महिन्यांचा होता आणि वरचं काहीच घेत नव्हता. बाटली जवळ नेली की ओठ मिटून घ्यायचा. नाचणीची पेज चमच्यानं भरवली की जेवढी आत जायची तेवढीच जिभेनं बाहेर. मी आरोग्यसेविका आहे, अशा कितीतरी आयांना मी "धीर धर बाई, घेईल हळूहळू" असं सांगून घरी पाठवलं आहे. स्वतःच्या लेकराच्या वेळी तो धीर कुठे गेला कोण जाणे. सात महिन्यांत मी दोन तासांच्या वर घराबाहेर राहिले नव्हते.

त्या रविवारी नवरा मासे धरायला निघाला, तशा सासूबाईच माझ्या मागे लागल्या.

"जाय ना त्याच्यासंग. हवा लागू दे अंगाले. पोराजवळ मी हाव ना!"

"अकराला भूक लागते त्याला, आई."

"तं अकराले ये. दुबईले चालली का तू?"

संघपाल, म्हणजे माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो आणि रात्री मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ बघतो. समुद्रात दिवसभरासाठी बोट भाड्यानं घ्यायची आणि माणसापेक्षा मोठे ट्यूना मासे तासन् तास ओढत बसायचं, असले. आपल्याकडे समुद्र नाही. पण धामणगाव बढ्याहून मोटारसायकलनं वीस मिनिटांवर धरण आहे, धरणात वीस-वीस किलोचे कटला आहेत, आणि दयारामकाकांची पत्र्याची होडी आहे. ती त्यानं अख्ख्या दिवसासाठी ठरवली होती. मला अकराच्या आत घरी सोडून तो परत येणार होता.

मी सातला सुमेधला पोटभर पाजलं. निघताना त्यानं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, ते एकेक बोट सोडवून घ्यावं लागलं.

जानेवारीतली सकाळ होती. पाण्यावर धुकं होतं आणि काठाशी हरभऱ्याच्या शेतांचा आंबूस वास. दयारामकाका सत्तरीच्या पुढचे, पण वल्हं मारताना दमत नव्हते. संघपालनं ऑनलाइन मागवलेली गळाची काठी बाहेर काढली तसे ते हसले.

"सर, हे काठी तुमच्या पगाराची का वहिनीच्या?"

"काका, हिच्यावर पन्नास किलोचा मासा निघतो. लिहिलंय वरती."

"माशाले कुठं वाचता येते!"

सरकीची ढेप, मुरमुरे आणि गूळ यांचा गोळा करून गळाला लावला. साडेनऊपर्यंत दोन हातभर मासे मिळाले. ऊन चढलं, धुकं गेलं. पाणी एकदम गप्प होतं. मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. सात महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात रिकामे होते.

साडेदहाला छाती भरून आली. मी म्हटलं, "चला आता." संघपाल म्हणाला, "दहाच मिनिटं." मग आणखी दहा. अकरा वाजले तसं दुखणं काखेपर्यंत गेलं. घरी तो आता रडायला लागला असेल हे मला घड्याळ न बघताही कळत होतं.

आमच्या घरात एक रीत आहे. अंगावरचं दूध पिळून टाकायचं झालं तर जमिनीवर सांडू द्यायचं नाही, मुंग्या लागतात आणि आईचं दूध आटतं. झाडाच्या बुडाशी घालायचं, नाहीतर वाहत्या पाण्यात सोडायचं. बाळंतपणात सासूबाईंनी हे दहादा सांगितलं होतं. मी हसून मान हलवली होती, पण पाळत मात्र आले होते.

साडेअकरालाही संघपालचा गळ पाण्यातच होता. मी दोघांकडे पाठ केली, ओढणी पुढे घेतली आणि होडीच्या कडेवरून दूध पाण्यात पिळलं.

दूध पाण्यात पडलं की पसरतं, ढगासारखं होतं. हे पसरलं नाही. दोऱ्यासारखी पांढरी धार तशीच सरळ खाली गेली. दिसेनाशी होईपर्यंत ती तुटली नाही.

कपडे सारखे करून मी वळले. दयारामकाकांनी वल्ही थांबवली होती.

"काय केलं वहिनी?"

"पाण्यातच सोडलं काका. आई सांगतात तसं."

"वाहत्या पाण्यात म्हंते तुमची सासू." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "हे पाणी वाहत नसते."

मी काही बोलणार तेवढ्यात संघपालची काठी वाकली.

त्यानं ओरडून दोन्ही हातांनी काठी धरली. तंगूस, म्हणजे गळाचा तो नायलॉनचा दोरा, सळसळत बाहेर जात राहिला आणि संपला. मग होडी हलली. वल्ही दोन्ही वर होती. होडी स्वतःच्या वजनासकट तिघांना घेऊन सावकाश पुढे निघाली.

"पाहून राह्यले का काका? ओढतोय! आपल्याला ओढतोय!" संघपालचा चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

मीही हसले. मोठा मासा होडी ओढतो, त्यात नवल काही नाही.

पण घाबरलेला मासा कसाही धावतो. हा धावत नव्हता. माणूस चालतो त्या चालीनं जात होता. थोडा सरळ गेला, मग काटकोनात डावीकडे वळला. पुन्हा सरळ.

दयारामकाका पाण्याकडे बघत होते. धरणाखाली जे गाव गेलं त्यात त्यांचं बालपण गेलेलं, हे आम्हाला माहीत होतं.

"हे चावडी," ते स्वतःशीच म्हणाले.

होडी उजवीकडे वळली.

"आता तो आडाकडून घेईन."

पाण्यात काहीच नव्हतं. सगळीकडे सारखंच हिरवं, सपाट पाणी. होडीनं कशाला तरी वळसा घातला आणि पुन्हा सरळ झाली.

"काका, काय बोलून राह्यले तुम्ही?" संघपालनं विचारलं.

"गल्लीनं चालला सर तो."

मग होडी थांबली. तंगूस सरळ खाली गेला होता, ताठ, जराही न थरथरता.

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते.

आणि मला पान्हा फुटला.

लेकराचं रडणं ऐकलं की पान्हा फुटतो, नुसत्या आठवणीनंही फुटतो. मला ते शिकवलेलं आहे. पण आठवणीनं दूध गळतं, ओढलं जात नाही. हे ओढलं जात होतं. सुमेधच्या पिण्याची लय मला पाठ आहे, तीन भराभर घोट आणि मग एक दमाचा. ही लय तशी नव्हती. लांब, एकसारखी, कुठेही न थांबणारी.

मी ओढणीखाली हात घालून बघितलं. कापड कोरडं होतं.

डावी बाजू हलकी झाली. मग उजवी.

"काका," मी म्हटलं, "इथं खाली काय आहे?"

"घर होतं एक."

"कुणाचं?"

त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि तंगूस कापला. संघपाल त्यांच्या अंगावर ओरडला. काका त्याच्याकडे न बघता वल्ही मारायला लागले आणि काठापर्यंत मारत राहिले. होडी रेतीला लागल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं,

"लेकराजवळ कोन हाय?"

घरी पोचायला एक वाजला. मी चपला न काढता आत गेले. सुमेध पाळण्यात झोपला होता.

"अकरापासून आकांत केला बाप्पा त्यानं," सासूबाई सांगत होत्या. "चमच्यानं देल्लं तं फुकून देल्लं. अन् बाराले एकदम गप. तोंड चालवत राह्यला, जसा पेऊन राह्यला. मग झोपला. सपन पडलं असन."

मी वाकून पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं. पोट टम्म होतं. गालाला हात लावला, गाल गार होता.

जागा झाल्यावर मी त्याला जवळ घेतलं. त्यानं माझ्याकडे बघून गोड हसून दाखवलं आणि तोंड फिरवलं.

याला आज अठरा दिवस झाले. त्या दिवसापासून मला दुधाचा थेंब नाही. शतावरी झाली, मेथ्या झाल्या, अळीव झाले, चिखलीच्या डॉक्टरीणबाई झाल्या. त्या म्हणाल्या ताण घेऊ नका. सुमेध पाणीसुद्धा घेत नाही. दिवसाला आठ लंगोट मात्र ओले होतात. सासूबाई त्याच्या अंगावरून मीठ-मिरच्या उतरवतात आणि माझ्या नजरेला नजर देत नाहीत. संघपाल म्हणतो, तू झोपेत पाजत असशील. काठी त्यानं माळ्यावर टाकली आहे.

परवा अंगणवाडीत मी स्वतः त्याचं वजन केलं. काटा दोनदा शून्यावर आणला. सोळा दिवसांत दीड किलो वाढलं होतं. तिथली सेविका म्हणाली, "काय पाजून राह्यल्या मॅडम, आम्हालेही सांगा!"

रोज बारा वाजता तो गप होतो, डोळे अर्धे मिटतो आणि तोंड चालवायला लागतो. मी शेजारी बसून असते. हे लिहिते ते त्याच वेळात, तेव्हा त्याला माझी गरज नसते. हे थांबवावं असं मला रोज वाटतं. आणि थांबलं तर तो काय पिईल, हेही रोज वाटतं.

पिणारं बाळ सोडवायची एक पद्धत असते. ओढून काढायचं नाही. आपली करंगळी हळूच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवायची, पकड आपोआप सुटते. शेकडो बायकांना मी हे करून दाखवलं आहे.

काल बाराला मी तसं केलं. त्याचं तोंड चांगलं मोठं उघडं होतं. समोर काही नव्हतं.

करंगळी आत गेली नाही. जागाच नव्हती.