डाव्या कडेवर

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं, हे विचारण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे नुसत्या दिसण्यावर माझा विश्वास जरा कमीच.

माझी लेक चिमी बालवाडीत जायला लागली त्याच आठवड्यात मालक हसत म्हणाले, मॅडम, गिऱ्हाईक डोळे तपासायला आलंय, त्याला झोपवू नका. तेव्हा कळलं, मी उभ्या उभ्या डुलत होते. डावा हात कोपरात वाकलेला, कंबर बाहेर काढलेली, आणि कडेवर कोणी नाही. मीही हसले. सगळ्याच आयांचं होतं म्हणे असं.

मग हात भरून यायला लागला. दुपारी जास्त, लेकरू झोपलं की जड होतं ना, तसा. स्नायूंना सवय असते, एवढं शास्त्र मला कळतं. पण एके दुपारी कुर्त्याचा डावा खांदा ओला लागला. त्याला दुधाचा आंबूस वास येत होता. चिमीचं अंगावरचं दूध केव्हाच सुटलं होतं.

सासूबाईंना सांगितलं. त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. मी कामावर असताना चिमीला त्यांनीच वाढवलं. आता दिवसभर घर खायला उठतं म्हणायच्या.

"दोरीला साप समजणं हा भ्रम," त्या म्हणाल्या. "दोरी आहे हे कळूनही हातातून न सुटणं, तो मोह. तुझा दुसरा प्रकार दिसतोय." आणि पेपरातलं कोडं पुढे सोडवायला लागल्या.

मीही सोडून दिलं असतं. पण चिमी माझ्याकडे येईनाशी झाली. संध्याकाळी मी हात पसरले की थबकायची, माझ्या कमरेकडे बघायची आणि बापाकडे वळायची. रुसली असेल म्हणून मी लाडीगोडी लावली, खाऊ आणला. खाऊ तेवढा घेतला.

एका संध्याकाळी ती खुर्चीवरून पडली. ओठातून रक्त आलं. रडत माझ्याकडे धावली आणि हातभर अंतरावर थांबली.

"ये ना गं."

"जागा नाही."

"कुठे जागा नाही, राणी?"

तिने आवाज एकदम खाली आणला. "ती झोपलीये."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "खाली ठेव."

"काय ठेवू, आई?"

"जे घेतलंयस ते. हळू."

चिमी दुपारी झोपायची त्या दिवाणावर मी वाकले. माझा तळवा आपोआप कुणाच्या तरी मानेखाली गेला. मग एकेक बोट सोडवत हात काढून घेतला.

चादर किंचित दबली.

हात हलका झाला.

चिमी रक्ताळल्या ओठांनिशी वर चढली. डाव्याच कडेवर. मी तिच्या केसांत तोंड खुपसून पोटभर रडले.

त्या रात्री मेल्यासारखी झोपले. दुसऱ्या दिवशी दुकानात ताठ उभी होते. मालकांनीही टोमणा मारला नाही. घरी आले तर चिमी पळत येऊन बिलगली. किती हलकं वाटत होतं, काय सांगू.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. चहाचं भांडं एका हाताने उचलायला बघत होत्या. दुसरा हात कोपरात वाकलेला. पदर डाव्या खांद्यावर ओला झाला होता.

"द्या आई, मी करते."

"राहू दे गं," त्या अगदी हळू बोलल्या, डुलत. "मला नाही जड होत."